पडदा पाहावा घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले वाडवडील सांगून गेले. त्यांना कॉम्प्युटरचा मॉनिटर घ्यावा लागला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. मी घरही बांधलंय आणि लग्नही केलंय. दोन्ही वेळा थोडाफार फसलो, पण कशात फसलो ते निदान मराठीत समजलं. मॉनिटरच्या बाबतीत मात्र समोरचा काय विकतोय आणि आपण काय घेतोय हे कळायला मला चक्क इतिहास वाचावा लागला. कॉमर्सच्या माणसानं इतिहासाला हात घातला की काय होतं, ते पुढं आहेच.

मामला असा. राजूरला आमच्या घरी कॉम्प्युटर एक आणि त्याचे हक्कदार तीन. दिवसा पुतण्या. ओटीवरच्या खोलीत त्याचं फ्लेक्सच्या डिझाइनचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं तिथंच तयार होतं. छापायला तेवढं संगमनेरला जातं. संध्याकाळी चिरंजीव. ते अकरावीत आहेत, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गेम खेळतात, माझ्या म्हणण्याप्रमाणे माणसं मारतात. रात्री जेवणं आटोपली की माझी आई. तिला जुने सिनेमे लागतात. फोनवर बघ म्हटलं तर म्हणते, "मुंगीएवढी सुलोचनाबाई घेऊन काय करू?" चौथा मी. माझा हक्क फक्त पैसे भरण्याचा.

जुना मॉनिटर बदलायची वेळ एका भाऊंनी आणली. त्यांच्या वाढदिवसाचा दहा बाय वीसचा फ्लेक्स होता. भाऊंचा कार्यकर्ता खुर्चीमागं उभा राहून पडदा बघत होता, पुतण्या बसून. बसलेल्याला भाऊ सावळे दिसत होते, उभ्याला गोरे. पुतण्यानं ते उजळले, तसे उभ्याला पांढरेफटक दिसले. मग पुन्हा काळवंडले. या वाटाघाटीतून जे ठरलं ते छापून आलं तेव्हा भाऊंना कावीळ झाली होती आणि मागचं निळं आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं होतं. कार्यकर्त्यानं फ्लेक्स घेतला नाही. पैशांचा तर प्रश्नच नव्हता. छपाईचा खर्च पुतण्याच्या खिशातून गेला, आणि त्या मोसमात असं दुसऱ्यांदा झालं होतं. रात्री जेवताना तो म्हणाला, "काका, मी पुण्याला बघतो एखाद्या कंपनीत." कुणी काही बोललं नाही. आई ताटातली शितं गोळा करत राहिली.

तो फ्लेक्स आम्ही गोठ्यावर टाकला. राजूरच्या पावसात भाऊ चार महिने उताणे पडून हसत होते. खाली म्हैस कोरडी.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की मॉनिटर घ्यायचा. रजेचे थोडे पैसे मिळायचे होते. मर्यादा वीस हजार. दुकानात गेलो तर दुकानदारानं विचारलं, "पॅनल कुठलं? टीएन, व्हीए की आयपीएस? हर्ट्झ किती? रिस्पॉन्स किती? कलर कव्हरेज?" एवढे प्रश्न आम्ही कर्ज देतानाही विचारत नाही. "विचार करून येतो," म्हणालो आणि एसटी पकडली.

आणि मग वाचायला बसलो.

पडद्याचा आपला इतिहास कल्याणपासून सुरू करायला हरकत नाही. तिथले महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ करीत. नावाला घाबरू नये, तो जादूचा कंदील. काचांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं पडदा. काचा भराभर बदलून चित्रं हलल्यासारखी दाखवायची. यात मला आवडलं ते हे, की रंगवणारी आणि दाखवणारी मंडळी एकाच घरातली. पटवर्धनांनी काचेवर लुगडं हिरवं रंगवलं की पडद्यावर ते हिरवंच. मधे संगमनेर नाही.

पुढं ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि कंदिलाचे दिवस भरत आले. पण आमच्या भागाला अभिमान वाटावा अशी गोष्ट त्यानंतरची. दादासाहेब फाळके जन्मले १८७० साली त्र्यंबकेश्वरला, म्हणजे कळसूबाई ओलांडली की जवळजवळ शेजारच्या आळीत. फाळके म्हटलं की लोक ३ मे १९१३, कॉरोनेशन थिएटर आणि 'राजा हरिश्चंद्र' एवढं सांगतात. बँकेतल्या माणसाला त्यात वेगळंच दिसतं. या गृहस्थांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवून सिनेमाचं सामान आणलं. पडद्यासाठी तारण देणारा हा आपला आद्य कर्जदार! आमच्या शाखेत ते आज आले असते तर 'व्यवसायाचा पूर्वानुभव' या रकान्यापाशीच आम्ही त्यांना परत पाठवलं असतं.

दुसरी गोष्ट मी चिरंजीवांना मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवली. सिनेमे बघून बघून आणि रात्रंदिवस त्यावर खटपट करून फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचार झाले, चष्मे लागले, मग पुन्हा दिसायला लागलं. "बघ," म्हणालो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पण नंतर ते ग्रेट झाले ना?" इतिहासाचा हा एक दोष आहे. तो कुणाच्याही बाजूनं साक्ष देतो.

तिसरी गोष्ट वाटाण्याची. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचा छोटा चित्रपट केला. ठरावीक वेळानं एकेक चित्र घेत गेले आणि मग सगळी एका दमात चालवली. बघणाऱ्यासमोर मिनिटाभरात कोंब आला, वेल झाला. हर्ट्झ म्हणजे काय, हे दुकानदारानं अर्धा तास सांगून मला कळलं नव्हतं, ते या वाटाण्यानं समजावलं. पडद्यावर काहीच हलत नाही. स्थिर चित्रं येतात आणि जातात. सेकंदाला किती येतात एवढाच सवाल. मूकपटाच्या काळी हातानं दांडा फिरवत, तेव्हा सेकंदाला साधारण १६. बोलपट आला तसा आकडा २४ वर कायम झाला. मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र नवं करतो तितके त्याचे हर्ट्झ. साधा मॉनिटर ६०, चिरंजीवांना हवा तो १४४. माणूस मारायला २४ पुरेसे आहेत, हे माझं मत कुणी विचारलं नाही.

इथवर आई भिंतीला टेकून ऐकत होती. फाळके बैलगाडीतून यंत्र आणि पडदा घेऊन गावोगाव खेळ करायचे असं सांगतात, हे मी वाचलं तशी ती एकदम म्हणाली, "अरे, आमच्याकडं तंबू यायचा की!"

आईचं माहेर इथून दोन डोंगर पलीकडं. जत्रेला टुरिंग टॉकीजचा तंबू यायचा. मधोमध पांढरा पडदा, आणि गर्दी झाली की लोक त्याच्या दोन्ही बाजूंना बसायचे. पुढून बघायचं तिकीट वेगळं, मागून बघायचं स्वस्त. आई कायम मागं. पातळ कापडातून चित्र आरपार दिसे, फक्त उलटं. अक्षरं उलटी दिसत, पण वाचायचं होतं कुणाला! भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' हा १९५२ चा चित्रपट तिनं दोन जत्रांत दोनदा बघितला, दोन्ही वेळा मागून. त्यामुळं महाराज तलवार डाव्या हातात धरायचे अशी तिची लग्नापर्यंत पक्की समजूत होती. सासरी वडिलांशी पहिलं भांडण त्यावरूनच झालं म्हणे. भिंतीवरच्या तसबिरीपाशी नेऊन वडिलांनी तिला हात दाखवला. "मी म्हटलं, चित्रकार चुकला असंल," आई म्हणाली.

नंतर टीव्ही आला. मुंबईला दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आमच्या आळीत पोचायला रामायण उजाडलं. २५ जानेवारी १९८७, रविवार. मी लहान होतो, पण अँटेना फिरवायचं काम होतं ते कौलांवर चढू शकणाऱ्याचं. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" असं करत मी रामाचा वनवास जास्त करून छपरावरून ऐकला. खाली चाळीसजण, पडदा वीस इंची. कडेला बसलेल्यांना लक्ष्मण लांबट दिसे, पण दृश्यकोनाची तक्रार कुणी केली नाही. भंडारदऱ्याला वीज तयार होते आणि राजूरला ती जाते, हे रहस्यही मला तेव्हाच समजलं.

हे १९८७ साल मोठं मौजेचं निघालं. त्याच वर्षी आयबीएमनं कॉम्प्युटरसाठी ६४० बाय ४८० ठिपक्यांची 'व्हीजीए' ही पद्धत आणली, आणि त्याच वर्षी कोडॅक कंपनीतल्या टँग आणि व्हॅन स्लाइक या दोघांनी विजेनं स्वतः उजळणाऱ्या पातळ थरांचा शोध प्रसिद्ध केला. आजचे महागडे ओएलईडी पडदे त्याच घराण्यातले. जगात एवढं चाललं होतं आणि मी कौलं फोडत होतो.

त्या टीव्हीतली नळी मात्र जुनी, ब्राउन नावाच्या जर्मन प्राध्यापकाची, १८९७ सालची. तिच्यात इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळीमागून ओळ लिहीत जातो. आपल्या टीव्हीच्या ६२५ ओळी. आधी एका आड एक ओळी भरायच्या, मग राहिलेल्या. असं सेकंदात पन्नास वेळा. हे वाचून मला त्या नळीविषयी आपलेपणा वाटला. वर्षअखेरीला खतावणी आम्ही अशीच भरायचो.

मी बँकेत लागलो तेव्हा, २००४ साली, टेबलावर तीच नळी होती. जुने हेडक्लार्क सांगत की १९८३ साली संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि तरी 'कॉम्प्युटर' म्हणायचं धाडस कुणाला नव्हतं. जे यंत्र आलं त्याला 'लेजर पोस्टिंग मशीन' म्हणायचे. नवऱ्याचं नाव घेऊ नये तसं. आमची शाखा घोटीकडं, पावसाची. मॉनिटर मागून चांगला गरम व्हायचा, आणि शिपायानं त्याचा खरा उपयोग ओळखला होता. जून ते सप्टेंबर प्रत्येक मॉनिटरवर एकेक ओला रुमाल. एकदा साहेबांचे मोजेही होते. दसऱ्याला त्याच मॉनिटरला झेंडूची माळ. रंग बरोबर दिसतो का, हे कुणी विचारलं नाही, कारण बँकेत रंग दोनच, जमा आणि नावे.

मग चपटे पडदे आले. आणि त्यांचं मूळ आहे गाजरात! मी थट्टा करत नाही. १८८८ साली प्रागमध्ये राइनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचा एक पदार्थ तापवला. १४५.५ अंशांना तो वितळला पण गढूळ राहिला; १७८.५ अंशांना स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत तो वाहतो द्रवासारखा आणि वागतो स्फटिकासारखा. या दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्या पदार्थाचं काय करायचं, हे लोकांना ऐंशी वर्षं समजलं नाही. १९६८ साली अमेरिकेत आरसीए कंपनीच्या हाइलमायर यांनी त्याचा पडदा करून दाखवला. कंपनीनं त्यात फार लक्ष घातलं नाही. जपानच्या शार्पनं घातलं आणि १९७३ साली त्या पडद्याचा खिशातला कॅल्क्युलेटर विकायला आणला. पडद्यानं हिशेबावर कमाई केली, याची माझ्या व्यवसायबंधूंनी नोंद घ्यावी.

आता कारकुनी नजर बघा. दुकानदाराच्या कागदावर दोन आकडे होते, १४४ हर्ट्झ आणि १७८ अंशांचा दृश्यकोन. गाजराचे दोन आकडे १४५.५ आणि १७८.५. दोन दिवस मी ही तेरीज जुळवत होतो. दीड आणि अर्धा, एकूण दोनाचा फरक. शेवटी ही म्हणाली, "अहो, योगायोग असेल, झोपा आता." योगायोगच होता.

पण वाचनाचा फायदा झाला. भाऊंना कावीळ का झाली ते कळलं. आमचा जुना पडदा टीएन जातीचा. त्यात चित्र झपाट्यानं बदलतं, किंमत कमी, पण वरून पाहिलं की रंग एक, खालून पाहिलं की दुसरा. म्हणजे कार्यकर्ता आणि पुतण्या दोघेही खरं बोलत होते! व्हीए जातीचा काळा रंग दाट, रात्रीचे प्रसंग त्यात खुलतात. आईच्या जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांना तो उत्तम. आणि आयपीएस, हिताचीनं १९९६ च्या सुमारास बाजारात आणलेला. काळा जरा राखाडीकडं झुकतो, पण उभ्याला, बसलेल्याला आणि कडेच्याला रंग एकच. ओएलईडी या सगळ्यांपेक्षा सरस, पण एकतर माझ्या मर्यादेच्या कितीतरी वर, आणि त्यावर दिवसभर एकच चित्र ठेवलं तर त्याचा डाग कायमचा राहू शकतो. पुतण्याच्या पडद्यावर कडेची हत्यारांची पट्टी दहा तास हलत नाही. रात्री सुलोचनाबाईंच्या गालावर कात्रीचं चित्र उमटलं असतं.

तेव्हा पुतण्यासाठी आयपीएस, आईसाठी व्हीए आणि चिरंजीवांसाठी १४४. घरात दोन दिवस अबोला. हा तिढा सुटला तो भागाकारानं. सिनेमाची चित्रं सेकंदाला २४. साध्या ६० च्या पडद्यावर २४ चा भाग जातो अडीच वेळा. अर्धं चित्र दाखवता येत नाही, म्हणून एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा दाखवतात, आणि कॅमेरा हळू सरकला की चित्र किंचित लंगडतं. पण १४४ भागिले २४ बरोबर ६. बाकी शून्य! चिरंजीवांचा आकडा आजीच्या सिनेमाला लागू पडला. दुकानदार थोडे जास्त देऊन १८० वाला घ्या म्हणत होता. १८० ला २४ नं भागलं तर साडेसात. मी तो जागच्या जागी नामंजूर केला. शून्य बाकी सोडून साडेसात घेणारा माणूस बँकेत टिकत नाही.

राखाडी काळ्याचं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तंबूत तरी काळं कुठं काळं होतं? भोकातनं चांदणं यायचं. पोराला रंग बरोबर दिसूं दे." आणि उठून आत गेली.

असा २७ इंची, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा, आयपीएस, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घरी आला. नारळ फुटला, आपले राजूरचे पेढे वाटले. पुतण्यानं मॉनिटरशेजारी भिंतीवर छापखान्यातून आणलेली रंगांची पट्टी चिकटवली, कारण नुसता पडदा चांगला असून भागत नाही. पडदा प्रकाशाचे तीन रंग मिसळतो, छापखाना शाईचे चार, आणि पडद्यावरचं झगझगीत निळं शाईला जमतच नाही, ते जांभळ्याकडं जातं. छापल्यावर कसं दिसेल ते आधीच दाखवायची सोय त्याच्या प्रोग्रॅममध्ये होती, ती तो आता वापरतो. गिऱ्हाईक उभं असो की बसलेलं, भाऊ सावळे ते सावळेच. पावसाळ्यानंतरचे सहा फ्लेक्स जसे ठरले तसे छापून आले आणि सहाही जणांनी पैसे दिले, त्यातल्या दोघांनी रोख. पुण्याचा विषय त्यानं नंतर काढलेला नाही. मीही काढत नाही.

पहिल्या रात्री सगळे समोर बसलो. पुतण्या अभिमानानं आजीला सांगत होता, "आजी, १७८ अंश! कुठंही बस, चित्र तेच."

आई जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणि मागून?"

"मागून नाही दिसत, आजी."

"मग कसलं कुठंही," आई म्हणाली आणि पानाचा डबा उघडला.

चिरंजीवांना मात्र जमीन-अस्मानाचा फरक दिसत होता. १४४ वर माणूस कसा लोण्यासारखा पळतो, जुन्यावर कसा अडखळायचा, हे ते मित्रांना बोलावून दाखवत. मीही जुने सिनेमे बघताना कॅमेरा सरकला की मान हलवून म्हणायचो, "बघा, बाकी शून्य!" हे तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात पुतण्या काहीतरी शोधत सेटिंगमध्ये शिरला आणि थांबला. मॉनिटर १४४ चा होता, पण कॉम्प्युटरनं पहिल्या दिवसापासून तो ६० वरच चालवला होता. तो आकडा आपण होऊन बदलावा लागतो.

चिरंजीव उठून अभ्यासाला गेले. मी पुतण्याला म्हटलं, "आता कर १४४. पैसे भरलेत."